घाटातला नॉकिंगचा आवाज : पेट्रोल-सीएनजीवर चालणाऱ्या एका गाडीचे निदान

पार्श्वभूमी

हे प्रकरण २०२५ च्या उन्हाळ्यात पुण्यातील एका छोट्या, स्वतंत्र गॅरेजमध्ये हाताळले गेले. गाडी २०१४ सालची, १.२ लिटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असलेली, पाच गिअरची हॅचबॅक होती आणि मीटरवर ९६ हजार किलोमीटर झाले होते. घेतल्यानंतर काही वर्षांनी तिला बाहेरून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवून घेतले होते आणि आरसी बुकावर तशी नोंदही होती. गाडीच्या मालक एका बँकेत अधिकारी आहेत. आठवडाभर कोथरूड ते हडपसर अशी शहरातली ये-जा आणि महिन्या-दोन महिन्यांतून सासरी पाचगणीला एक फेरी, एवढाच गाडीचा वापर होता.

हा वापर नीट लक्षात घ्यावा लागतो, कारण पुढचा सगळा घोळ त्यातूनच निर्माण झाला. शहरात गाडी सकाळी पेट्रोलवर सुरू होते, इंजिन जरा गरम झाले की आपोआप सीएनजीवर जाते आणि दिवसभर तशीच चालते. पाचगणीला जाताना मात्र खंबाटकीच्या पायथ्याशी मॅडम डॅशबोर्डवरचे बटण दाबून गाडी पेट्रोलवर घेत आणि पुढे पसरणी घाट संपेपर्यंत ती पेट्रोलवरच ठेवत. असे करण्यात गैर काही नाही. वायुरूप इंधन सिलिंडरमध्ये हवेची जागा अडवते, त्यामुळे सीएनजीवर इंजिनाची ताकद साधारण दहाव्या हिश्श्याने कमी पडते आणि चार माणसे, सामान आणि एसी यांच्यासह चढ चढताना ते जाणवते. पुण्यातले बरेच सीएनजीवाले घाटात पेट्रोलवर येतात.

तक्रार

फेब्रुवारीतल्या फेरीत पसरणी घाटात तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबला की इंजिनाच्या बाजूने हलकी टकटक येऊ लागली. पाय सैल केला की ती थांबत असे. एप्रिलमधल्या फेरीत हाच आवाज खंबाटकीपासूनच सुरू झाला आणि इतका वाढला की काचा बंद असतानाही मागे बसलेल्यांना ऐकू येत होता. मॅडमनी त्याचे वर्णन ‘पत्र्याच्या डब्यात खिळे टाकून हलवल्यासारखा’ असे केले. पुण्यात परतल्यावर सोमवारी ऑफिसला जाताना मात्र आवाजाचा मागमूस नव्हता.

ॲक्सिलेटर दाबल्यावर येणारी टकटक ही एकाच बिघाडाची खूण नसते आणि तिचे कारण कानाने ओळखण्याचा मोह बहुतेकांना होतो. तुटलेले इंजिन माउंटिंग, ड्राइव्ह शाफ्टचा आतला सांधा, लोअर आर्मचे फाटलेले बुश, एक्झॉस्टवरचा सैल झालेला पत्रा, एक्झॉस्ट मॅनिफोल्डची गळती, झिजलेले बिग एंड बेअरिंग (पिस्टनचा कनेक्टिंग रॉड इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, म्हणजे क्रँकला, जिथे जोडतो तिथले बेअरिंग) आणि खुद्द ज्वलनातले नॉकिंग (सिलिंडरमधले मिश्रण अवेळी, स्वतःहून पेटल्याने होणारी टकटक), या सगळ्यांचा आवाज इंजिनावर भार आला की वाढू शकतो. यांतली काही कारणे हजार-दोन हजारात मिटतात, काहींसाठी इंजिन खोलावे लागते. म्हणून आवाज कसा आहे यापेक्षा तो कोणत्या परिस्थितीत येतो आणि कोणत्या परिस्थितीत येत नाही, याची नोंद अधिक उपयोगी पडते. या प्रकरणात ती नोंद अर्धीच झाली होती. ‘घाटात येतो, शहरात येत नाही’ एवढेच सगळ्यांना ठाऊक होते.

आधी झालेले प्रयत्न

पहिल्या गॅरेजने शहरातच, म्हणजे सीएनजीवर, ट्रायल घेतली. आवाज आला नाही. गाडी उचलून पाहिली तेव्हा खालच्या माउंटिंगचे रबर चिरलेले दिसले. भार आला की इंजिन मागे झुकून आदळत असणार, असा अंदाज बांधून माउंटिंग बदलण्यात आले. माउंटिंग खरोखरच खराब होते आणि ते बदलल्यावर पहिला गिअर टाकताना बसणारा धक्का गेला. त्यामुळे काम बरोबर झाले असे सर्वांना वाटले. मेच्या सुरुवातीच्या फेरीत आवाज होता तसाच होता.

दुसऱ्या गॅरेजमध्ये मिस्त्रींनी तक्रार ऐकूनच हे ज्वलनातले नॉकिंग असल्याचे सांगितले आणि तो अंदाज बरोबर होता. मात्र त्यांनी एकाच दिवसात चारही स्पार्क प्लग बदलले, इंजेक्टर साफ केले, इनटेकमधून रसायन सोडून कार्बन काढला आणि टाकीतले पेट्रोलही बदलले. शेवटच्या कामाला आधार होता. सीएनजीवर चालणाऱ्या गाडीत पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहते, त्यातले हलके घटक उडून जातात आणि इथेनॉल हवेतला ओलावा शोषून घेते. आवाज थोडा उतरला, पण गेला नाही. चार गोष्टी एकदम बदलल्यामुळे कशाने उतरला हे कोणालाच सांगता येईना.

तेव्हा त्याच गॅरेजने पुढचा निष्कर्ष काढला. एवढे करूनही आवाज जात नाही, त्याअर्थी तो बिग एंड बेअरिंगचा असला पाहिजे आणि इंजिन खाली घ्यावे लागेल, असे सांगून ४२ हजार रुपयांचे एस्टिमेट दिले गेले. माउंटिंग आणि साफसफाई मिळून ८,२०० रुपये तोवर खर्च झालेच होते. या टप्प्यावर मॅडम तिसऱ्या गॅरेजमध्ये दुसरे मत घेण्यासाठी आल्या. पुढचे विवेचन तिथल्या जॉब कार्डावरील नोंदी आणि फोरमनशी झालेले बोलणे यांवर आधारलेले आहे.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय इंजिन खोलण्याचा होता. बेअरिंग खरोखरच गेले असेल तर उशीर करणे महागात पडते, कारण झिजलेले बेअरिंग क्रँकलाही खाते आणि पुढे कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फुटण्यापर्यंत मजल जाऊ शकते. पण ते गेले नसेल तर ४२ हजार खर्चून, कारखान्यात बांधलेले इंजिन उगाच उघडले जाणार होते. अशा उघडलेल्या इंजिनांमध्ये नंतर ऑइल गळतीच्या तक्रारी पुष्कळ येतात, असे फोरमनचे मत होते.

दुसरा पर्याय मॅडमना त्यांच्या एका सहकाऱ्याने सुचवला होता. ९५ ऑक्टेनचे प्रीमियम पेट्रोल भरायचे आणि विषय सोडून द्यायचा. भारतात तेव्हा बीएस-६ मानकानुसार साध्या पेट्रोलचा ऑक्टेन अंक किमान ९१ होता. ऑक्टेन जास्त असलेले पेट्रोल दाब आणि उष्णता अधिक सोसते, त्यामुळे नॉकिंग दबते. पण नॉकिंग आधी नव्हते आणि अचानक सुरू झाले, याचा अर्थ इंजिनात काहीतरी बदलले होते. ते न शोधता महागडे पेट्रोल भरत राहणे म्हणजे तापाचे कारण न पाहता क्रोसिन देत राहण्याइतकेच होते.

तिसरा पर्याय काहीच न करता घाटात चौथ्याऐवजी तिसरा, तिसऱ्याऐवजी दुसरा गिअर वापरून भार कमी ठेवण्याचा होता. यानेही आवाज कमी झाला असता. मात्र नॉकिंग हा नुसता कर्कश आवाज नसतो. स्पार्क पडल्यावर ज्योत सिलिंडरमध्ये एका बाजूने पसरत जाते. तिच्या पुढे दाबल्या गेलेल्या मिश्रणाचा उरलेला भाग ज्योत पोचण्याआधीच स्वतःहून पेटला की दाबाच्या लाटा उठतात आणि इतक्या आकाराच्या सिलिंडरमध्ये त्या साधारण ६,००० ते ७,००० हर्ट्झच्या आसपास घुमतात. आपल्याला ऐकू येते ती त्या लाटांची टणटण. या लाटा पिस्टनच्या माथ्यावरचा, उष्णता अडवून धरणारा वायूचा पातळ थर विस्कटून टाकतात आणि मग पिस्टनचे ॲल्युमिनियम थेट भाजू लागते. जोरदार नॉकिंग दीर्घकाळ चालले तर रिंगांमधल्या कडा तुटतात. म्हणून हा पर्याय फार तर गाडी घरी आणण्यापुरता होता.

चौथा पर्याय क्रमाने तपासणी करण्याचा होता आणि त्यातही आधी अशा तपासण्या घ्यायच्या की ज्या स्वस्त आहेत आणि ज्यांनी मोठे कारण सरळ बाद होऊ शकते. मॅडमनी हा मार्ग स्वीकारला. एक अट मात्र घातली की प्रत्येक टप्प्यानंतर फोन करून पुढच्या खर्चाला होकार घ्यायचा.

एक न विचारलेला प्रश्न

फोरमनने गाडी ताब्यात घेताना बॉनेट उघडले नाही. त्यांनी मॅडमना शेजारी बसवून तक्रार पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावली आणि मध्येच विचारले, “मॅडम, आवाज येतो तेव्हा गाडी पेट्रोलवर असते का गॅसवर?”

“घाटात आम्ही पेट्रोलवरच घेतो, दादा. गॅसवर चढत नाही ती.”

“आणि शहरात पेट्रोलवर कधी चालवून बघितली? जरा दाबून?”

“शहरात कशाला चालवू? सकाळी सुरू करताना असते तेवढीच.”

आवाज घाटामुळे येतो असे धरून दोन गॅरेजेसनी काम केले होते, पण घाट आणि पेट्रोल या दोन गोष्टी या गाडीत नेहमी एकत्र येत होत्या. त्यांना वेगळे केल्याशिवाय कोणताही निष्कर्ष काढणे धोक्याचे होते. म्हणून पहिली तपासणी जुन्या कात्रज घाटात ठरली. इंजिन पूर्ण तापलेले, तोच चढ, तिसरा गिअर, ताशी ४० किलोमीटरच्या आसपास वेग आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबलेला, अशी ट्रायल एकदा सीएनजीवर आणि लगेच परत खाली येऊन पेट्रोलवर घेण्यात आली. सीएनजीवर इंजिन साफ वाजत होते. पेट्रोलवर पहिल्याच वळणानंतर खिळे वाजू लागले.

या एका ट्रायलने ४२ हजारांचे एस्टिमेट बाजूला पडले. बिग एंड बेअरिंगला इंधन कोणते आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. ते गेले असते तर गॅसवरही वाजले असते, आणि उभ्या गाडीला रेस देऊन एकदम सोडताना तर हमखास वाजले असते. तसे काहीही होत नव्हते. खात्रीसाठी कॉम्प्रेशन आणि गरम इंजिनाचे ऑइल प्रेशर मोजले. चारही सिलिंडर १६५ ते १७२ पीएसआयच्या दरम्यान होते आणि ऑइल प्रेशरही व्यवस्थित होते.

येथे एक घाई टाळावी लागते. सीएनजीवर आवाज गेला म्हणून सीएनजी किटवर किंवा पेट्रोलवर लगेच ठपका ठेवता येत नाही. सीएनजी म्हणजे मुख्यतः मिथेन आणि त्याचा ऑक्टेन अंक सुमारे १२० असतो. कार्बन साचलेले, जास्त तापणारे, मिश्रण पातळ झालेले (हवेच्या मानाने इंधन कमी पडलेले) किंवा टायमिंग, म्हणजे स्पार्क पडण्याची वेळ, पुढे गेलेले, यांपैकी कोणतेही इंजिन सीएनजीवर शांत राहील आणि पेट्रोलवर नॉक मारेल. ट्रायलमधून एवढेच ठरले की आवाज ज्वलनातला आहे. कारण शोधायचे राहिलेच होते.

उरलेल्या कारणांची छाननी

मॅडमचा स्वतःचा संशय इथेनॉलवर होता. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल त्या दिवसांत सगळीकडेच चर्चा चालू होती, त्यामुळे तो स्वाभाविक होता. पण नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल आरोपी ठरत नाही. त्याचा ऑक्टेन अंक १०८ च्या घरात असल्याने मिश्रणाची नॉकिंग सहन करण्याची क्षमता वाढते. मायलेज घटणे आणि जुन्या गाड्यांमधल्या रबरी नळ्या व सील खराब होणे या तक्रारी वेगळ्या आहेत. एक अप्रत्यक्ष शक्यता मात्र उरते. इथेनॉलला ज्वलनासाठी पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते, म्हणजे तेवढ्याच हवेत जास्त इंधन सोडावे लागते. ही भरपाई इंजिनाचा संगणक करू शकला नाही तर मिश्रण पातळ पडते आणि पातळ मिश्रण भाराखाली नॉक मारते.

म्हणून स्कॅनर लावून कात्रजच्याच चढावर आकडे घेतले. लाँग टर्म फ्युएल ट्रिम अधिक तीन टक्के होते, म्हणजे संगणकाला इंधन फारसे वाढवावे लागत नव्हते. कुलंटचे तापमान ९४ अंशांवर स्थिर होते आणि पंखा वेळेवर सुरू होत होता. कोणताही फॉल्ट कोड नव्हता. प्लगच्या भोकांतून कॅमेरा घालून पाहिले तेव्हा पिस्टनवर कार्बनचा साधारण थर दिसला. वयाच्या मानाने तो जास्त नव्हता. काढलेल्या नव्या प्लगांच्या पांढऱ्या पोर्सेलीनवर मात्र बारीक, मिरपुडीसारखे करडे-काळे ठिपके होते. नॉकिंग बराच काळ चालू असल्याची ती जुनी, ओळखीची खूण आहे. पिस्टनच्या कडा अजून शाबूत होत्या.

स्कॅनरवरचा एकच आकडा खटकला. पूर्ण भाराखाली, २,००० आरपीएमच्या आसपास, इग्निशन टायमिंग, म्हणजे पिस्टन वरच्या टोकाला पोचण्याआधी क्रँकच्या किती अंशांवर स्पार्क पडतो तो आकडा, ९ ते १० अंश दाखवत होते. या इंजिनाला तिथे १३-१४ अंश अपेक्षित असतात. याचा सरळ अर्थ असा होता की ब्लॉकवर बसवलेला नॉक सेन्सर आवाज ऐकत होता आणि संगणक स्पार्क मागे घेऊन तो शमवण्याचा प्रयत्न करत होता. म्हणजे सेन्सर निरोगी होता. पण त्यातून दुसरा प्रश्न निर्माण झाला. स्पार्क चार अंश मागे घेतल्यावर, इतक्या बेताच्या टायमिंगवर, साध्या पेट्रोलवरही हे इंजिन नॉक मारायला नको. फोरमनने टाकीत ९५ ऑक्टेनचे पेट्रोल घालून पुन्हा ट्रायल घेतली. आवाज कमी झाला, तरी गेला नाही. मग एकच तर्क उरत होता की स्कॅनरवरचा टायमिंगचा आकडा खरा नाही.

हा तर्क अनेकांना विचित्र वाटेल, कारण स्कॅनर दाखवतो तो आकडा थेट संगणकाकडून येतो. पण संगणक सांगतो ते त्याला वाटते ते टायमिंग असते. क्रँक कुठे आहे हे त्याला क्रँक सेन्सरकडून कळते आणि तो सिग्नल मधल्या मध्ये कोणी बदलला तर संगणकाला त्याचा पत्ता लागत नाही. सीएनजी किट असलेल्या गाड्यांत असा बदल करणारे एक यंत्र असते.

टायमिंग लाइटची तपासणी

सीएनजी पेट्रोलपेक्षा सावकाश जळतो, त्यामुळे त्याला स्पार्क थोडा आधी मिळाला तर ताकद वाढते. त्यासाठी काही किटांबरोबर टायमिंग ॲडव्हान्सर नावाचा छोटा डबा बसवतात. तो क्रँक सेन्सरच्या वायरीत मध्ये बसतो आणि गाडी गॅसवर असताना सिग्नल काही अंश पुढे सरकवून संगणकाकडे पाठवतो. गाडी पेट्रोलवर आली की त्याने गप्प बसायचे असते. या गाडीत असा डबा असल्याचे मॅडमना माहीत नव्हते. तो बॅटरीच्या ट्रेखाली, जुन्या काळ्या टेपने गुंडाळलेल्या वायरींच्या जुडग्यात सापडला.

फोरमनने कपाटातला जुना टायमिंग लाइट, म्हणजे स्पार्क प्रत्यक्षात केव्हा पडतो हे दाखवणारा दिवा, बाहेर काढला. प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल असल्याने पहिल्या सिलिंडरची कॉइल वर उचलून, कॉइल आणि प्लग यांच्या मध्ये एक लांब वायर जोडून तिच्यावर क्लिप लावावी लागली. क्रँक पुलीवरची खाच मळाने भरली होती. ती घासून साफ केली आणि तिच्यात खडूने पांढरी रेघ भरली. गाडी पेट्रोलवर, आयडलिंगला. लाइटवरचा आकडा आणि स्कॅनरवरचा आकडा तंतोतंत जुळला.

येथे तपास थांबू शकला असता. आकडे जुळले, त्याअर्थी टायमिंग ठीक आहे, असे म्हणून फोरमनचा मदतनीस क्लिप काढायलाही लागला होता. पण बरेचसे ॲडव्हान्सर स्टार्टिंगला त्रास होऊ नये म्हणून कमी आरपीएमवर काम करत नाहीत. फोरमनने त्याला ॲक्सिलेटर धरून इंजिन २,५०० वर स्थिर ठेवायला सांगितले. पांढरी रेघ खुणेवरून सरळ पुढे उडी मारून गेली. स्कॅनर २८ अंश दाखवत होता, लाइट ३७. गाडी गॅसवर घेतली तरी हाच नऊ अंशांचा फरक कायम राहिला. ॲडव्हान्सर पेट्रोलवरही चालूच होता.

कात्रजच्या चढावरचे आकडे आता समजले. संगणकाला वाटत होते की आपण स्पार्क ९-१० अंशांवर आणला आहे. प्रत्यक्षात तो १८-१९ अंशांवर पडत होता. नॉक सेन्सरने आपल्या मर्यादेत होते तेवढे मागे खेचले होते आणि त्यापुढे त्याच्या हातात काही नव्हते. सपाट रस्त्यावर एवढे खेचणे पुरत होते, चढावर पुरत नव्हते. फेब्रुवारीच्या थंड हवेत आवाज बारीक होता आणि एप्रिल-मेमध्ये वाढला, याचेही कारण हेच होते. आत येणारी हवा जितकी तापलेली, तितके नॉकिंग लवकर होते.

मूळ कारण

ॲडव्हान्सरला गाडी गॅसवर आहे की नाही हे एका ट्रिगर वायरीवरून कळते. ही वायर सीएनजीच्या सोलेनॉइड व्हॉल्व्हला (गॅसचा मार्ग उघडणाऱ्या विजेवरच्या झडपेला) जोडलेली असायला हवी, कारण त्या व्हॉल्व्हला फक्त गॅसवर असतानाच १२ व्होल्ट मिळतात. या गाडीत ती किल्ली फिरवल्यावर कायम १२ व्होल्ट देणाऱ्या वायरीला पिळून जोडलेली होती आणि वर नवी निळी टेप होती. आजूबाजूची सगळी टेप जुनी, काळी आणि उष्णतेने कडक झालेली होती. ही एकच निळी होती.

मॅडमनी कागद शोधले तेव्हा जानेवारीत एका किट केंद्रातून रिड्यूसरचे (गॅसचा दाब कमी करणाऱ्या भागाचे) काम करून घेतल्याची पावती निघाली. आवाज पहिल्यांदा ऐकू आला तो त्यानंतरच्या पहिल्या घाटात. दोन्ही गॅरेजेसनी ‘आवाज कधीपासून आहे’ असे विचारले होते, पण ‘त्याआधी गाडीला कोणी हात लावला होता का’ असे विचारले नव्हते. मॅडमनीही सांगितले नव्हते, कारण गॅसचे काम आणि पेट्रोलवरचा आवाज यांचा संबंध असेल असे त्यांना वाटण्याचे काही कारण नव्हते.

दुरुस्तीचा निर्णय

आता दोन मार्ग होते. ॲडव्हान्सर काढून टाकायचा आणि क्रँक सेन्सरची वायर मूळ स्थितीत आणायची, किंवा तो ठेवून ट्रिगर वायर योग्य जागी जोडायची. फोरमनचा कल काढून टाकण्याकडे होता. क्रँक सेन्सरच्या सिग्नलमध्ये बाहेरचा डबा असणे म्हणजे रस्त्यात गाडी बंद पडण्याचे एक जास्तीचे कारण बाळगणे, असे त्यांचे म्हणणे होते आणि मला ते पटते. मॅडमना मात्र सीएनजीवरचा पिकअप जाऊ द्यायचा नव्हता, कारण गाडीचा बहुतेक वापर गॅसवरच होतो.

शेवटी आठवडाभर डबा बायपास करून गाडी दिली गेली. पेट्रोलवर आवाज पूर्णपणे गेला. गॅसवर सिग्नलवरून निघताना गाडी थोडी मंद वाटते, असे मॅडमनी सांगितले. फरक फार नव्हता, पण त्यांना तो खटकत होता. त्यामुळे ॲडव्हान्सर परत जोडला, ट्रिगर वायर सोलेनॉइडला सोल्डर करून वर हीट श्रिंक नळी बसवली आणि नऊ अंशांचे सेटिंग सहावर आणले.

परिणाम

दुरुस्तीनंतर २,५०० आरपीएमला पेट्रोलवर लाइट आणि स्कॅनर यांचे आकडे एका अंशाच्या आत जुळले. कात्रजच्या त्याच चढावर, साध्या पेट्रोलवर, भाराखालचे टायमिंग १३-१४ अंश दिसू लागले, म्हणजे संगणकाला आता स्पार्क मागे घ्यावा लागत नव्हता. जूनच्या सुरुवातीला मॅडम चार माणसांसह पाचगणीला जाऊन आल्या आणि दोन्ही घाटांत आवाज आला नाही. तपासणी आणि वायरिंग मिळून २,६०० रुपये लागले.

सकाळी थंड इंजिन सुरू करताना टॅपेटची बारीक टिकटिक येते. ती आधीपासून होती, पहिल्या मिनिटात जाते आणि सध्या तिला हात लावलेला नाही.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या गॅरेजने माउंटिंग बदलले यात चूक नव्हती, ते फाटलेलेच होते. पण तक्रारीचा आवाज स्वतः न ऐकता ते बदलले गेले आणि गाडी परत देतानाही ज्या परिस्थितीत आवाज येत होता तिथे ट्रायल झाली नाही. पुण्यात यासाठी पाचगणीपर्यंत जावे लागत नाही. कात्रजचा जुना घाट पुरेसा आहे, फक्त गाडी मालक चालवतात त्याच इंधनावर चालवायला हवी.

दुसऱ्या गॅरेजचे निदान सुरुवातीला बरोबर होते. त्यांनी ते सोडून बेअरिंगकडे उडी मारली ती केवळ आपल्या उपायांनी गुण आला नाही म्हणून. उपाय फसला तर निदान चुकले असेच नसते, कारणांची यादी अपुरी असू शकते. प्लग, इंजेक्टर, कार्बन आणि पेट्रोल यांपैकी एकेक करून ट्रायल घेतली असती तर आवाज पेट्रोल बदलल्यावरच उतरला होता की कार्बन काढल्यावर, हे कळले असते आणि तपास टायमिंगकडे लवकर वळला असता.

तिसऱ्या गॅरेजच्या क्रमाबद्दलही एक आक्षेप घेता येतो. किट असलेली गाडी, आवाज फक्त पेट्रोलवर, एवढे कळल्यावर ॲडव्हान्सर शोधून त्याचा कनेक्टर काढणे हे पाच मिनिटांचे काम होते. कॉम्प्रेशन, कॅमेरा आणि ९५ ऑक्टेनची ट्रायल त्यामुळे वाचली असती. यावर फोरमनचे उत्तर असे होते की डबा बाहेरून दिसत नव्हता, मॅडमना तो असल्याचे माहीत नव्हते आणि डबा काढून आवाज गेला असता तरी डबाच बिघडला आहे की जोडणी चुकली आहे हे कळले नसते. पहिले दोन मुद्दे मान्य आहेत. तिसरा तितकासा पटत नाही, कारण ते नंतर मल्टिमीटरने ट्रिगर वायर तपासून समजलेच असते. कॉम्प्रेशन टेस्ट मात्र कोणत्याही क्रमात योग्यच होती. ४२ हजारांचे एस्टिमेट हातात घेऊन आलेल्या ग्राहकाला ‘इंजिन ठीक आहे’ हे आकड्यांनिशी सांगता यायला हवे.

या प्रकरणानंतर त्या गॅरेजच्या जॉब कार्डावर दोन रकाने वाढले आहेत. एक, तक्रार येते तेव्हा गाडी कोणत्या इंधनावर असते. दुसरा, तक्रार सुरू होण्याआधी झालेले शेवटचे काम, मग ते कुठेही झालेले असो. ग्राहकाच्या दृष्टीने पाहिले तर बाहेरून किट बसवताना ॲडव्हान्सर बसवला आहे का, तो कुठे आहे आणि किती अंशांवर ठेवला आहे हे पावतीवर लिहून घेणे शहाणपणाचे ठरेल.

मॅडम जानेवारीची पावती घेऊन किट केंद्रात गेल्या होत्या. पावतीवर ‘रिड्यूसर किट व सर्व्हिस’ एवढेच लिहिलेले असल्याने वायरिंगला हात लावल्याचे केंद्राने मान्य केले नाही आणि पैसे परत मिळाले नाहीत. सीएनजी सिलिंडरची दर तीन वर्षांनी करावी लागणारी तपासणी येत्या वर्षात येते आहे. त्या वेळी किटचे काम दुसरीकडे करून घेण्याचे आणि गाडी परत घेताना पेट्रोलवर कात्रजपर्यंत एक ट्रायल घेण्याचे त्यांनी ठरवले आहे.